दोन लेंकरांमधील अंतर
(मंडळ्यांचे उपदेशक, वडील व गृहिणी यांजकरितां एक पाठ)

शास्त्रवाचन : उत्पत्ति ३५:१६–२०, निर्गम १:१५–२१, लूक १४:२८–३०, १ तीमथ्य ५:८.



राहेलीच्या मरणाची हकीकत पवित्र शास्त्रांत फार थोडक्यांत आली आहे. वाटेंत तिला वेणा लागल्या, सुईण जवळ होती, लेंकरूं जगलें आणि आई गेली. याकोबानें तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला. आपल्या खेड्यापाड्यांतील कबरस्थानांत असे स्तंभ सहसा दिसत नाहींत. परंतु जुन्या मंडळ्यांच्या दफनाच्या वह्या चाळणाऱ्यास तरुण स्त्रियांचीं नांवें व त्यांपुढें बाळंतपणाचें कारण लिहिलेलें आढळतें. तोही एक प्रकारचा स्तंभच होय.

देवाच्या दयेनें व वैद्यकीच्या साह्यानें हे स्तंभ आतां कमी झाले आहेत. सरकारी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत २००१ ते २००३ ह्या काळांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें ३०१ माता मरत होत्या. २०१८ ते २०२० ह्या काळांत तो आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रांत ३३ वर. ही उपकारस्तुतीची गोष्ट आहे. तथापि ज्या घरची आई गेली, त्या घरच्या पोरक्या लेंकरांस आकडा उतरल्याचें समाधान काय होणार? म्हणून दोन बाळंतपणांमध्यें अंतर कां असावें, तें कसें राखतां येतें, आणि ह्या बाबतींत मंडळीचें कर्तव्य काय, हें आम्ही ह्या पाठांत सांगूं इच्छितों. विषय नाजूक आहे खरा. पण ज्या विषयावर मंडळी गप्प बसते, त्यावर चावडीवरील व पाणवठ्यावरील अडाणी बोलणेंच शास्त्र होऊन बसतें.

१. अंतर कां पाहिजे?

शेतकऱ्यास हें सांगावें लागत नाहीं कीं एका जमिनींतून पिकावर पीक काढीत गेल्यास तिचा कस जातो. स्त्रीचें शरीर जमीन नव्हे, तें देवाचें मंदिर आहे. तेव्हां त्याची काळजी जमिनीहून अधिक घेतली पाहिजे. गरोदरपणांत व अंगावर पाजण्याच्या काळांत आईच्या अंगांतील लोह व इतर सत्त्व लेंकराकडे जातें. तें भरून येण्यापूर्वींच पुन्हां दिवस गेले, तर आईचें रक्त कमी होतें. बाळ अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें होण्याचा संभव वाढतो. आणि मांडीवरच्या लेंकराचें दूध अवेळीं तुटतें. ह्यास्तव जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे कीं, बाळंतपणानंतर निदान २४ महिने लोटल्यावांचून पुन्हां गरोदर राहूं नये, आणि गर्भपात झाला असल्यास निदान सहा महिने थांबावें. म्हणजे दोन लेंकरांच्या वयांत सुमारें तीन वर्षांचें अंतर पडतें.

तसेंच, मुलीचें शरीर पुरतें वाढण्यापूर्वीं तिच्यावर बाळंतपण लादणें हें तिच्या जिवाशीं खेळणें आहे. मुलीचें लग्न अठरा वर्षांच्या आंत करणें हा गुन्हा आहे. पाळकानें अशा लग्नास आशीर्वाद देऊं नये, व वडिलांनीं त्याच्या जेवणास बसूं नये.

२. हें पाप आहे काय?

पुष्कळ भाविक जनांच्या मनांत हा प्रश्न खरोखर टोंचतो, म्हणून त्यास टाळणें योग्य नव्हे. कोणी म्हणतात कीं लेंकरें देवाचें देणें आहेत, तेव्हां तीं येतील तशीं येऊं द्यावीं. लेंकरें देवाचें देणें आहेत हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. पाऊसही देवाचेंच देणें आहे; तरी आपण बांध घालतों, विहीर खणतों आणि पाणी जपून वापरतों, आणि त्यास कोणी अविश्वास म्हणत नाहीं. प्रभूनें बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला, त्यांत अगोदर खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्यास शहाणें म्हटलें आहे. पौलानें तीमथ्यास लिहितांना, जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाहीं त्यास कडक बोल लावला आहे. आलेल्या लेंकरास दूध, वस्त्र व शिक्षण देणें हें जर आईबापांचें कर्तव्य आहे, तर तें पार पाडतां येईल अशा बेतानें चालणें हेंही त्याच कर्तव्याचा भाग होय.

ह्या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेनें १९२० सालीं कृत्रिम साधनांविरुद्ध इशारा दिला होता. १९३० सालीं त्याच परिषदेनें, विवाहित जोडप्यास संतति मर्यादित ठेवणें हें कर्तव्य म्हणून स्पष्ट दिसत असल्यास, ख्रिस्ती तत्त्वांस धरून अशीं साधनें वापरण्यास वाट दिली. पुढें बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याच मताच्या झाल्या. रोमन मंडळीनें मात्र १९६८ सालीं कृत्रिम साधनें वर्ज्य असल्याचें पुन्हां ठरविलें. महिन्यांतील दिवस पाहून संयमानें राहणें तिला मान्य आहे. आमचें मत इतकेंच कीं, पतिपत्नींनीं एकमेकांच्या संमतीनें, प्रार्थनापूर्वक, आईच्या जिवाचा व लेंकरांच्या हिताचा विचार करून ठरविलें तर त्यांत पाप नाहीं. स्वार्थासाठीं, व्यभिचार झांकण्यासाठीं किंवा बायकोवर जबरी करून केलें तर दोष साधनाचा नसून मनाचा आहे.

३. ह्या कार्याचा पूर्वेतिहास

महाराष्ट्रांत ह्या विषयावर प्रथम उघडपणें व चिकाटीनें काम करणारे गृहस्थ म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. ते विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. ह्या कार्यापायीं त्यांस ती जागा सोडावी लागली. ते आपल्या विश्वासाचे नव्हते, किंबहुना ईश्वर मानीत नव्हते, व त्यांचीं सर्वच मतें आपणांस पटणारीं नाहींत. तरी गरीब स्त्रियांचे हाल पाहून ज्यानें निंदा सोसली, त्याच्या धैर्याचा मान ख्रिस्ती मनुष्यानें राखला पाहिजे. पुढें १९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

आपल्या मिशनांचा वांटाही थोडा नाहीं. डॉ. क्लारा स्वेन ह्या १८७० सालीं बरेलीस आल्या. डॉ. एडिथ ब्राऊन यांनीं १८९४ सालीं लुधियाना येथें ख्रिस्ती स्त्रियांस वैद्यकी शिकविण्यास आरंभ केला. डॉ. आयडा स्कडर यांनीं वेल्लोर येथें १९१८ सालीं स्त्रियांसाठीं वैद्यकीय शाळा काढली. पुरुष डॉक्टरानें हात लावूं नये म्हणून बायका बाळंतपणांत तशाच मरत, हें दुःख ह्या कार्याच्या मुळाशीं होतें.

परंतु खेड्यांतील वाचकांस सर्वांत अधिक शिकविणारें उदाहरण नगर जिल्ह्यांतील जामखेडचें आहे. (त्या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर.) डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला शिकलें व १९७० सालीं जामखेडास येऊन राहिलें. मोठी इमारत बांधून रोग्यांची वाट पाहत बसण्याऐवजीं त्यांनीं गांवोगांवच्या लोकांस त्यांची गरज विचारली. पाणी व अन्न ह्यांची गरज लोकांनीं आधीं सांगितली, तीही त्यांनीं मनावर घेतली. मग गांवानेंच निवडलेल्या बायकांस त्यांनीं आरोग्याचें शिक्षण दिलें. ह्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या व पुष्कळ दलित जातींतल्या होत्या. त्यांनीं घरोघर जाऊन गरोदर बायका तपासल्या, बाळंतपणाची स्वच्छ रीत शिकविली, लसीकरण व संततिनियमन समजावून सांगितलें. परक्या डॉक्टराच्या तोंडून जें पटलें नसतें, तें शेजारणीच्या तोंडून पटलें. १९७९ सालीं ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं प्रभूकडे गेले. ज्या बाईस विहिरीवर पाणी भरूं देत नसत, तिच्याच हातीं गांवानें आपलीं लेंकरें सोंपविलीं; सुवार्तेचें फळ ह्याहून स्पष्ट तें कोणतें?

४. साधनें कोणकोणतीं?

हीं साधनें सरकारी उपकेंद्रांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा ग्रामीण रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. गांवांतील आशाताई त्यांची माहिती देते.

अंगावर पाजणें. बाळ सहा महिन्यांच्या आंतलें आहे, आईची पाळी अद्याप आली नाहीं, आणि बाळास रात्रंदिवस केवळ आईचेंच दूध आहे, वरचें कांहीं नाहीं — ह्या तीन्ही गोष्टी असतील तोंवर दिवस जाण्याचा संभव फार थोडा. तींतील एक जरी सुटली तरी दुसरें साधन पाहावें. ‘अंगावर पितें आहे, आतां काय होणार’ ह्या भरंवशावर वर्ष काढणाऱ्या पुष्कळ बायका फसतात.

निरोध. हा पुरुषानें वापरावयाचा. दर वेळीं नवा वापरावा. गुप्तरोगांपासून व एचआयव्हीपासून रक्षण करणारें साधन हेंच. मात्र विसर पडल्यानें वर्षभरांत शंभर जोडप्यांपैकीं सुमारें १३ जोडप्यांत गर्भ राहतो.

माला-एन गोळ्या. पाकिटांत २८ गोळ्या; २१ गर्भ टाळणाऱ्या व ७ लोहाच्या. रोज एक, ठरल्या वेळीं. एक चुकली तर आठवतांच घ्यावी. दोन किंवा अधिक चुकल्यास नर्सबाईस विचारावें व सात दिवस निरोध वापरावा.

छाया गोळी. ही लखनौच्या सरकारी औषधसंशोधन संस्थेंत शोधली गेली. पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां, पुढें आठवड्यांतून एकदां. अंगावर पाजणारी आईही ही घेऊं शकते. पाळी थोडी पुढें जाते, त्यास घाबरूं नये.

अंतरा सुई. दर तीन महिन्यांनीं एक. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मिळूं लागली. हिच्यामुळें पाळी अनियमित होते किंवा थांबते. रक्त आंत सांठत नाहीं. सुई बंद केल्यावर पुन्हां दिवस राहण्यास कांहीं महिने लागतात, हें आधींच सांगून ठेवावें.

तांबी. ही गर्भाशयांत बसवितात. एक प्रकारची दहा वर्षें चालते, आणि हवी तेव्हां काढतां येते. बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आंतही बसवितां येते. पहिले कांहीं महिने पाळीच्या वेळीं रक्त अधिक जातें व ओटीपोट दुखतें. ‘तांबी छातींत चढते’ हें बोलणें खोटें आहे. गर्भाशयांतून छातीकडे वाटच नाहीं.

शस्त्रक्रिया. जेव्हां आणखी मूल नकोच असें दोघांचें पक्कें ठरेल तेव्हांच करावी. ती कायमची समजावी. स्त्रीची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आंत किंवा सहा आठवड्यांनंतर करतात. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची, थोड्या मिनिटांची असते. मात्र पुढील तीन महिने दुसरें साधन वापरून मग तपासणी करून घ्यावी.

तातडीची गोळी. साधन फाटलें, चुकलें किंवा स्त्रीवर जबरी झाली, तर ७२ तासांच्या आंत, जितकी लवकर तितकी बरी. राहिलेला गर्भ ह्या गोळीनें पडत नाहीं. ही रोजच्या वापराची वस्तु नव्हे.

५. नर्सबाई इतके प्रश्न कां विचारते?

कित्येक बायका शेजारणीची गोळी मागून खातात. असें करूं नये. एकीस मानवणारें साधन दुसरीच्या जिवावर बेतूं शकतें. ह्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९९६ सालीं वैद्यांकरितां एक नियमावली प्रसिद्ध केली व ती वेळोवेळीं सुधारली. तींत प्रत्येक दुखण्याशीं प्रत्येक साधनाचा मेळ घालून चार वर्ग केले आहेत : पहिला, निःशंक द्यावें, दुसरा, लाभ अधिक, सबब बहुधा द्यावें, तिसरा, धोका अधिक, सबब बहुधा देऊं नये, चौथा, मुळींच देऊं नये. उदाहरणार्थ, बाळंत होऊन सहा आठवडे झाले नाहींत व अंगावर पाजते, अशा आईस माला-एनसारखी मिश्र गोळी चौथ्या वर्गांत पडते; सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत तिसऱ्या वर्गांत. रक्तदाब फार चढलेला, डोळ्यांपुढें चमक येऊन अर्धशिशी उठणारी, अशा स्त्रियांसही ती गोळी वर्ज्य. कारण कळल्याशिवाय अंगावरून जात असेल तर तांबी बसवीत नाहींत.

तेव्हां नर्सबाईनें पाळी, बाळाचें वय, रक्तदाब, कावीळ, डोकेदुखी विचारली तर तो चांभारचौकशीचा प्रकार नव्हे. खरें उत्तर द्यावें. आणि साधन घेतल्यावर छातींत किंवा पोटरींत जोराची कळ, एकाएकीं अंधारी, कावीळ, किंवा तांबीनंतर तापासहित पोटांत असह्य दुखणें झाल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

६. पुरुषांचें कर्तव्य

२०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणींनीं शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि नवऱ्यानें नसबंदी केलेल्या जोडप्यांचें प्रमाण हजारांत तीन होतें. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची. मग हें ओझें स्त्रीवरच कां? ‘अंगांतली ताकद जाते, नांगर धरवत नाहीं,’ ही समजूत निराधार आहे. ह्या नसबंदीनें बळ कमी होत नाहीं व पतिपत्नीच्या सुखांत उणेपणा येत नाहीं.

ह्या भीतीचें एक खरें कारण मात्र आहे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत अनेक ठिकाणीं लोकांस बळजबरीनें धरून नेऊन शस्त्रक्रिया केल्या गेल्या. १९७६–७७ ह्या एका वर्षांत देशांत ऐंशी लाखांहून अधिक झाल्या. पुढें २०१४ सालीं छत्तीसगडांत बिलासपुराजवळील एका शिबिरानंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या, आणि २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें बंद करण्याचा आदेश दिला. ह्यावरून धडा हा कीं संमतीवांचून केलेलें उपकारही अत्याचार होतात. कोणीही दडपण आणलें, आमिष दाखविलें किंवा न समजावतां अंगठा मागितला, तर ‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकास आहे. हें नवऱ्यानें, सासूनें आणि उपदेशकानेंही ध्यानांत ठेवावें.

७. मुलगा, मुलगी, आणि पडलेला गर्भ

मुलगा व्हावा म्हणून बाळंतपणांमागून बाळंतपणें लादणारीं घरें ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांतही आहेत. मूल मुलगा होणार कीं मुलगी, हें बापाच्या बीजावरून ठरतें. आईकडे त्यांत कांहीं नसतें. तेव्हां मुली झाल्या म्हणून बायकोस छळणें हें अज्ञान व पाप दोन्ही होय. गर्भाचें लिंग तपासणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तसेंच मूल न झाल्यास दोष स्त्रीलाच लावूं नये. नवऱ्याचीही तपासणी व्हावी. हन्नाच्या अश्रूंस एलीनें आधीं दारूची नशा समजून बोल लावला. आपणांकडून तसें न होवो.

गर्भपाताविषयीं विश्वासणाऱ्यांचीं मनें निरनिराळीं आहेत, व गर्भांतील जिवाचा आदर आपण सर्वच करतों. म्हणूनच गर्भ न राहूं देण्याची काळजी आधीं घेणें बरें. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे : चोरून, वैदूकडे जाऊन, काड्या घालून किंवा दुकानांतील गोळ्या मनानें खाऊन बायका मरतात. १९७१ च्या व २०२१ सालीं सुधारलेल्या कायद्यानें ठराविक कारणांसाठीं मान्यताप्राप्त दवाखान्यांतच हें करतां येतें, आणि तिचें नांव उघड करण्याची तेथें मनाई आहे. रक्तस्राव होत असलेली भगिनी दाराशीं आली, तर तिचा न्याय करीत बसूं नका. शोमरोनी मनुष्यानें जखमीस आधीं वाहनावर घातलें, तसें तुम्हीही १०८ क्रमांकावर गाडी बोलवा.

८. उपदेशक व बायबलबाई यांनीं काय करावें?

पहिलें, ऐकावें आणि गुपित राखावें. उपासना संपल्यावर एखादी भगिनी दाराआड उभी राहून दोन शब्द बोलते. तिनें किती दिवस धीर गोळा केला असेल हें आपणांस ठाऊक नसतें. तें बोलणें प्रार्थनासभेंत विनंति म्हणूनसुद्धां सांगूं नये. दुसरें, औषध स्वतः ठरवूं नये. तिला नर्सबाईकडे पोंचवावें, एकटी जाण्यास भीत असल्यास उपदेशकाच्या पत्नीनें सोबत जावें. तिसरें, गरोदर भगिनीची नोंद लवकर करवावी, निदान चार तपासण्या व लोहाच्या गोळ्या चुकूं देऊं नयेत. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी असते. अंगावरून रक्त जाणें, झटके, डोकें फुटल्यागत दुखून अंधारी येणें, ताप, बाळाची हालचाल मंदावणें, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास घटकाभरही थांबूं नये. चौथें, लग्नापूर्वीं वधूवरांस जो उपदेश करतां, त्यांत हा पाठ दोघांस मिळून शिकवावा.

मिसरांतील त्या दोघी सुइणी राजाच्या धाकापेक्षां देवाचें भय मोठें मानून लेंकरांचा जीव वांचवीत्या झाल्या, व देवानें त्यांचें कल्याण केलें. सुइणीचें काम देवाच्या दृष्टीनें हलकें नाहीं. तिला साह्य करणाऱ्याचेंही नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या मंडळींत दोन लेंकरांमध्यें तीन वर्षांचें अंतर राखणें कोणत्या कारणांनीं जड जातें? त्यांतील कोणतें कारण आपण दूर करूं शकतों?
२. अंगावर पाजण्याचा भरंवसा कोणत्या तीन अटींवर टिकतो?
३. शेजारणीची गोळी कां घेऊं नये?
४. हें ओझें पुरुषांनीं उचलावें म्हणून मंडळीच्या वडिलांनीं आधीं काय करावें?
५. आपल्या गांवच्या आशाताईचें व उपकेंद्राच्या नर्सबाईचें नांव मंडळींतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे काय?

प्रार्थनेचे विषय : गरोदर व बाळंतीण भगिनी, खेड्यांतील नर्सा, सुइणी व आशाताया, मूल नसल्यामुळें दुःखी असलेलीं घरें, आणि ज्यांच्या आया गेल्या तीं लेंकरें.